एका ताटातले

गोळीबार चौकातून आत वळलं की
आधी वास भेटतो, मग पाटी.
दगडफूल, खसखस, सुंठ, करपण्याआधी उतरवलेलं खोबरं,
आणि सात-आठ नावं जी मी कोणाला सांगत नाही.
शालिकभाऊ गल्ल्यावर, मी चुलीपाशी.
माग भंगारात दिले तेव्हापासून हीच वाटणी.

भाऊच्या पोटात वीस वर्षं जळत होतं.
त्यानं त्याला दुखणं म्हटलंच नाही.
चिमूटभर ओवा, सोड्याचं पाणी,
गल्ल्यामागे गुलाबी औषधाची बाटली
आणि तासातासाला पन्नीत घोटलेला खर्रा.
"सावजीचं पोट आहे न वेणू,
त्याला आगीची सवय आहे."

मे महिन्यात पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं.
मी काही बोलले नाही.
मग एका सकाळी तर्री-पोहे अर्धे सोडून उठला,
तेव्हा दुकानाला कुलूप लावलं
आणि मेडिकलच्या रांगेत उभे राहिलो.

नळी आत गेली.
पडद्यावर भावाचं पोट पाहिलं,
ओलं, गुलाबी, एका जागी विरलेलं.
तीन कण बाटलीत पडले. अकरा दिवस थांबा म्हणाले.

अकरा दिवस मी मसाल्याच्या डब्यांची झडती घेतली.
मिरचीला विचारलं, तू का?
दुसऱ्यांदा तापवलेल्या तेलाला विचारलं.
सुकटीच्या बरणीला, मिठाच्या मडक्याला.
माझ्याच हाताला विचारलं,
तोच रोज त्याचं ताट वाढायचा.

डॉक्टर टेंभुर्णे, माझ्या मुलीच्या वयाची.
म्हणाली, "तिखटावर मी गुन्हा लावणार नाही,
पुरावा डळमळीत आहे.
मिठावर लावीन. खर्र्यावर तर नक्कीच.
पण जुना भाडेकरू वेगळाच आहे, एक जंतू.
तो बहुतेक लहानपणीच येतो,
पाण्यातून, हातांतून, उष्ट्यातून.
कॅन्सर नाही हा.
पण पोटाचं अस्तर आतड्यासारखं व्हायला लागलंय."

भाऊनं तीस वर्षं नऊवारी विणली होती.
इतका वेळ गप्प होता, आता म्हणाला,
"म्हणजे बाण्यात भलताच धागा पडला?"
"तसंच म्हणा."
"उसवता येतो?"
"जंतू काढता येतो. चौदा दिवस गोळ्या.
विणलेलं तसंच राहील कदाचित,
पुढचं बिघडणं कमी होईल.
दर काही वर्षांनी आत डोकावून बघायचं."
मग माझ्याकडे वळली,
"तुम्ही सगळे एका ताटात जेवायचात का?"

जर्मनची परात होती.
सहा भावंडं, वरणात कुस्करलेली भाकर,
आणि भिंतीपलीकडे बापाचा खटखटणारा माग.
मला दात नव्हते तेव्हा
भाऊ घास आधी स्वतः चावायचा,
मऊ झाला की माझ्या तोंडात द्यायचा.
आई सांगायची, याच्याच घासांवर तू वाढलीस.

आता कोण कोणाला काय देऊन बसलं
ते कोण सांगणार.
कदाचित त्यानं मला, कदाचित मी त्याला,
कदाचित त्या एका हौदानं दोघांनाही.
त्या घासाला मी दोष द्यायला बसले
आणि जमलं नाही.

बुधवारी माझा नंबर आहे.
पिशवीत श्वास फुंकायचा, म्हणे,
श्वासच सांगतो आत कोण राहतं.
आदल्या रात्रीपासून पोट रिकामं हवं.
म्हणून मंगळवारी रात्री, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
रस्सा न चाखता बाहेर पाठवला.

चार नंबरच्या टेबलावरून आवाज आला,
"मावशी, आज मीठ कमी पडलं का?"
मी पळी धरून थिजले.
भाऊनं वहीतून मान वर न करता सांगितलं,
"नाही. आता तेवढंच राहील."

त्याची बोटं मात्र गल्ल्याच्या कडेवर
एकमेकांवर फिरत होती, फिरत होती,
हातात पन्नी नसताना घोटत.